आई समुद्रावर जाते

फोनवरच्या सहलीला चपला कशाला लागतात, असं सूनबाईनं एकदा विचारून पाहिलं होतं. आईंची नजर तेव्हाही अधूच होती, पण सुनेकडे रोखून बघण्यापुरती शाबूत होती. सूनबाईनं पुन्हा विचारलं नाही. मुकाट्यानं कपाटाखालून बाहेर जायच्या चपला काढल्या आणि सासूबाईंच्या पायांत सरकवल्या.

तर सहल अशी असे. आईंची मुलगी, म्हणजे ताई, फार लांब राहायची. विमानात बसलं तरी एक अख्खा दिवस आणि वर थोडी रात्र मोडते इतक्या लांब. ताईला फिरायची हौस भारी. सुट्टी लागली की नवऱ्याला घेऊन निघालीच, आणि जिथं जाईल तिथून फोन लावून आईला सगळं दाखवायची. डोंगर, पूल, हॉटेलातला पलंग, पलंगावरच्या उशा, सगळं. त्यासाठी तिनं आईला मोठ्या पडद्याचा फोनच पाठवून दिला होता. फोनची वेळ झाली की आई तोंड धुवायच्या, केस विंचरून घ्यायच्या, शाल अंगावर घ्यायच्या, चपला घालायच्या आणि मांडीवर पर्स घेऊन खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. पर्समध्ये रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्या. "चला," म्हणायच्या. फोन संपला की चपला काढून पाय चोळत बसायच्या. "पाय दुखले ग बाई. फार चालवते ही."

हे ऐकून कुणालाही म्हातारीचं कौतुक वाटेल. सूनबाईलाही वाटायचं, आधी. पण सहल आईंची असली तरी फोन धरायचा असे सूनबाईनं. आईंचा हात थरथरायचा, डोळ्यांना समोरचं मधलं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं, म्हणून फोन जरा तिरपा, कानाच्या बाजूला धरावा लागे. तासभर. दोन तास. आणि पलीकडून ताईचा आवाज, "वहिनी, फोन जरा नीट धर ना. आईचं कपाळच दिसतंय मला."

सूनबाई घरातच शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. पुढची खोली म्हणजे तिचं दुकानच. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल, मधे खिडकीपाशी आईंची खुर्ची, आणि दारामागं तयार कपड्यांची दांडी. गिऱ्हाईक माप द्यायला आलं तर आईंच्या पायांवरून ओलांडून उभं राहायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. तो स्वभावानं इतका गरीब की घरात आवाज चढला की त्याला नेमका गळका नळ आठवायचा आणि तो पाना घेऊन मोरीत जायचा. त्या घरातले नळ कधी गळायचेच नाहीत.

सण म्हणा, वाढदिवस म्हणा, घरात काही असलं की फोनसाठी वेगळी खुर्ची मांडायची, हा नियमही ताईचाच. केक कापायचा तर आधी फोनला दाखवायचा. पाहुणे जेवत असताना फोनमधून ताई सगळ्यांची विचारपूस करायची आणि मग पन्नास माणसांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आई किती वाळलीय ग! खात नाही का ती काही?" पाहुणे ताटातून मान वर करून सूनबाईकडे बघायचे. सूनबाई हसायची. त्या हसण्यानं तिचे गाल दुखायचे.

पण हेही एक वेळ चाललं असतं. खरी ठिणगी पडली ती लग्नाच्या वाढदिवसाला. सूनबाईचा आणि नवऱ्याचा. सूनबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. एवढी बाई झाली, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, पण समुद्र नाही पाहिला. या खेपेला नवऱ्याला कशीबशी पटवून दोन दिवसांचा बेत केला होता. शेजारची नर्सबाई आईंजवळ झोपायला येणार होती. बॅग भरून झाली होती. स्वतःसाठी फिकट निळ्या रंगाचा एक झगा शिवून तिनं तो सगळ्यात वर ठेवला होता, घडी मोडू नये म्हणून. आणि आदल्या संध्याकाळी फोनवर ताई म्हणाली, "अरे वा, मजा आहे! आणि आईला कोण बघणार? शेजारीण? वहिनी, तू पण ना. दादा, तुला तरी कळायला हवं होतं."

दादा पाना घेऊन मोरीत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू." बॅग माळ्यावर गेली. निळा झगा तिच्यातच राहिला.

आणि महिनाभरात ताई स्वतः समुद्रावर गेली.

तिथल्या हॉटेलात फोन लागत नव्हता. म्हणून ताईनं काय केलं, तर किनाऱ्यावर उभं राहून स्वतःचा एक व्हिडिओ काढला आणि परतल्यावर आईला पाठवून दिला. पण सवय मोठी वाईट. इतकी वर्षं आईशी फोनवर बोलून बोलून तिची जीभच तशी वळलेली. समोर कुणी नसताना ती प्रश्न विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. "आई, पोचलो ग. दिसतंय का?" म्हणायचं आणि गप्प. मग, "हां, तोच. समुद्र." पुन्हा गप्प. "केवढी लाट बघ! पाय भिजवू का? भिजवते हं, तुझ्या वाटचे." गप्प. "गार आहे ग पाणी! औषधं घेतेस ना वेळेवर?" गप्प. "शहाणी माझी आई."

व्हिडिओ आला तेव्हा सूनबाईसमोर एका शाळेच्या गणवेशांचा ढीग होता आणि शाळा सुरू व्हायला आली होती. फोन धरून बसायला तिला सवड नव्हती. तिनं आईंना चपला घातल्या, फोन रिळांच्या डब्याला तिरपा टेकवला, व्हिडिओ लावला आणि मशीनवर जाऊन बसली. काज-बटणांचा विचार डोक्यात, कान अर्धेमुर्धे तिकडे.

"आई, पोचलो ग. दिसतंय का?"

"थोडंसं दिसतंय. ते निळं काय आहे?" आई म्हणाल्या.

"हां, तोच. समुद्र."

"अगो बाई! केवढा!"

"केवढी लाट बघ! पाय भिजवू का? भिजवते हं, तुझ्या वाटचे."

"भिजव, भिजव. पण जपून. चपला काढून ठेव आधी, वाहून जातील."

सूनबाईचा पाय मशीनवर थबकला. आई खुर्चीत पुढं झुकून, पर्स पोटाशी धरून, व्हिडिओशी बोलत होत्या. आणि तो त्यांना उत्तर देत होता. जिथं ताई थांबत होती तिथं आई बोलत होत्या, आई थांबत होत्या तिथं ताई. शेवटी ताई म्हणाली, "पुढच्या सुट्टीत तुला इथं घेऊन येते बघ. नक्की. वचन." आई म्हणाल्या, "घाई करू नकोस ग. तुला जमेल तसं." मग मागून जावयाचा आवाज, "चल ना, जेवायला उशीर होतोय." ताई म्हणाली, "ठेवते हं आई. जप." आणि पडदा काळा झाला.

"छान बोलली आज," आई म्हणाल्या आणि पाय चोळू लागल्या.

त्या दुपारी सूनबाईचे गणवेश पूर्ण झाले.

आईंना जुनं सगळं आठवायचं, पण कालचं पार पुसून जायचं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विचारा, हात हलवायच्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी "आज फोन नाही आला?" म्हटल्यावर सूनबाई म्हणाली, "हा काय, आला की," आणि तोच व्हिडिओ लावला. आई हरखून म्हणाल्या, "समुद्र? आज समुद्रावर गेलीस होय?" पलीकडून उत्तर आलं, "हां, तोच. समुद्र."

इथपर्यंत सूनबाईला कुणी नावं ठेवू नयेत. म्हातारी खूश होती. ताईचा खरा फोन आठवड्यातून एकदा, तोही तिचं स्वयंपाकघर आवरून झालं तर. हा फोन रोज यायचा. आई शेजारणीला सांगायच्या, "मुलगी रोज फोन करते हो. एक दिवस चुकवत नाही." शेजारीण सूनबाईकडे बघायची. सूनबाई दोरा दातानं तोडायची. त्या दिवसांत आईंना दोन घास जास्त जात होते, हे खोटं नाही.

फक्त खऱ्या फोनवर घोटाळे व्हायला लागले. ताई काही विचारायची आणि आई म्हणायच्या, "समुद्राचं पाणी गार होतं का ग आजपण?" ताईला वाटलं आईचं डोकं चळलं. आणि डोकं चळलं तर दोष कुणाचा, ते ठरलेलंच होतं. "वहिनी, दिवसभर तू तिच्याशी बोलतेस की नाही? नुसती मशीन चालवतेस खडखड. बोलायला कुणी नसलं ना की माणसाची बुद्धी जाते."

"बोलते ना, ताई," सूनबाई म्हणाली.

"आणि फोन जरा नीट धर."

त्या दिवसापासून खऱ्या फोनचं नेट जायला लागलं. कधी नेट गेलं, कधी आई झोपल्यात, कधी आई मोरीत आहेत. ताई तिकडं चिडायची आणि इकडं आई रोज दुपारी समुद्रावर जायच्या. त्यांच्या उत्तरांना आता धार आली होती. आज एक, उद्या एक असं राहिलं नव्हतं, तीच वाक्यं त्याच जागी नेमकी पडायची. डोक्यात राहायचं नाही, पण तोंडात बसलं होतं.

मग नातीचं लग्न ठरलं.

ही नात म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. ताई-जावई नोकऱ्यांच्या मागं होते तेव्हा पहिली काही वर्षं तिला आईंनीच वाढवलेलं. ती लहानपणी रुसून कोपऱ्यात बसायची, जेवायची नाही. आई तिच्यापुढं ताट ठेवून म्हणायच्या, "रुसायचं तर जेवून रुस. उपाशी रुसलं की मधेच भूक लागते आणि रुसवा वाया जातो." पोर हसायची आणि जेवायची. लांब गेल्यावरही नात फोनवर म्हणायची, "आजी, आज मी जेवून रुसले." तर त्या नातीनं निरोप पाठवला की लग्नाच्या मांडवात पाऊल टाकण्याआधी मी आजीशी बोलणार. तिनं सांगितल्याशिवाय आत जाणार नाही.

हे एक मात्र आईंनी विसरायचं नाकारलं. रोज सकाळी उठल्या की पहिला प्रश्न, "लग्न आज आहे का?" नाही म्हटलं की घोकत बसायच्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. "सुखी राहा. आणि नवऱ्यावर रुसायचं तर जेवून रुस." एवढंच. पण ते चुकू नये म्हणून सूनबाईपुढं दहादा म्हणून दाखवायच्या. "बरोबर आलं का ग?"

"बरोबर आलं, आई."

सूनबाई हे मनापासून म्हणायची. त्या पोरीवर तिचाही जीव होता. लग्नाच्या दिवशी फोन कितीही वेळ धरायला लागला तरी धरायचा, असं तिनं ठरवलं होतं, आणि आईंच्या शालीला कडेनं एक नवी पट्टीही लावून ठेवली होती. ते तिचं चांगुलपण लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत टिकलं.

आदल्या दिवशी ताईचा फोन आला. आईंशी बोलायला नाही, सूनबाईशी.

"हे बघ वहिनी, उद्या मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आईला. तिकडची सगळी माणसं असतील. मागे ती मशीन, त्या चिंध्या, ते लटकलेले लोकांचे कपडे नको दिसायला. एखादी चादर लाव मागे, पांढरी. आणि आईला जरा बरं काही घाल."

"घालीन ना. शालीला पट्टी लावलीय मी—"

"आणि हो, राग मानू नकोस, पण तू मधे येऊ नकोस हं. मागच्या वेळी तुझा हातच सारखा दिसत होता, तो बोटांना पट्ट्या बांधलेला. नुसता फोन धर. नीट."

"बरं," सूनबाई म्हणाली.

फोन ठेवून तिनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. सुया टोचून दोन बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. त्यातली एक सुई तर आईंच्या शालीला पट्टी लावतानाच टोचली होती. मग तिला फार वेळ काही सुचलं नाही, आणि जे सुचलं ते एकदम सुचलं. राग आलेला माणूस आदळआपट करतो. सूनबाईनं तसलं काही केलं नाही. तिनं शांतपणे इस्त्री गरम केली आणि पांढरी चादर कडक इस्त्री करून घडी घालून कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कुठल्यातरी इमारतीत अडकलेल्या लिफ्टसाठी बोलावणं आलं. जाता जाता तो म्हणाला, "माझ्या वतीनंपण आशीर्वाद सांग ग." सूनबाई म्हणाली, "सांगते."

तिनं आईंना आंघोळ घातली. केस विंचरले. पट्टीची शाल पांघरली, चपला घातल्या, पर्स मांडीवर दिली. आईंचे ओठ एकसारखे हलत होते. "सुखी राहा. आणि रुसायचं तर जेवून रुस. सुखी राहा."

सूनबाईनं नेट बंद केलं. फोन रिळांच्या डब्याला टेकवला आणि समुद्र लावला.

"आई, पोचलो ग. दिसतंय का?"

"दिसतंय," आई म्हणाल्या, आणि गोंधळल्या. "हे निळं निळं काय? लग्न कुठंय?"

"हां, तोच. समुद्र."

"सूनबाई, लग्न समुद्रावर आहे का?"

"हो, आई," मशीनमागून सूनबाई म्हणाली. "हल्ली समुद्रावरच करतात."

"बरं केलं बाई. मोकळं असतं," आई म्हणाल्या आणि खुर्चीत सरळ बसल्या. "नवरीला बोलाव ग. मला सांगायचंय तिला."

"केवढी लाट बघ! पाय भिजवू का?"

"भिजव, पण नवरीला बोलाव आधी." आई पडद्याकडे झुकल्या. "ऐकतेस का ग, बाळ? सुखी राहा. आणि रुसायचं तर... रुसायचं तर जेवून रुस. काय?"

"गार आहे ग पाणी!" ताई म्हणाली.

आई थांबल्या. कान पुढं केला. "ऐकलंस का?"

"औषधं घेतेस ना वेळेवर?"

"घेते. पण ती बोलली का नाही काही? तू दे ना तिला फोन."

"शहाणी माझी आई."

सूनबाई मशीनवर बसून होती, पण मशीन चालवत नव्हती. अजूनही वेळ होता. नेट सुरू करायला एक बोट पुरलं असतं. तिनं त्या बोटाकडे बघितलं. पट्टी बांधलेलंच होतं ते. मग तिनं सुईखाली कापड सरकवलं.

"चल ना, जेवायला उशीर होतोय," जावई म्हणाला.

"ठेवते हं आई. जप."

पडदा काळा झाला तरी आई तशाच बसून होत्या. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत, सोडत. "सूनबाई, ती बोलली नाही माझ्याशी."

"घाई असते लग्नात."

"नाही ग. रागावलीय ती. मी एवढं बोलले, हूं नाही की चूं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझं काही चुकलं का बोलताना?"

"नाही, आई. बरोबर आलं," सूनबाई म्हणाली.

स्वतःच्या फोनवरून सूनबाईनं ताईला निरोप लिहून पाठवला. लिहिताना दोनदा खोडला, पण मऊ करण्यासाठी नाही. 'आई बोलायचं नाही म्हणतात. इतकी वर्षं मुलगी आली नाही, आता लोकांना दाखवायला मी कशाला हवी, असं म्हणाल्या. मी खूप समजावलं.' मग तोही फोन बंद करून टाकला. हा निरोप खरा वाटेल, हे तिला ठाऊक होतं. ताई खरोखरच इतकी वर्षं आली नव्हती.

त्यानंतर ताईचा फोन आला नाही. बरेच दिवस. दादांना तिनं एका ओळीत कळवलं, लग्न चांगलं झालं म्हणून. दादांनी बायकोला विचारलं, "तिकडं काही झालं का ग?" सूनबाई म्हणाली, "कुठं काय?" दादा पाना शोधायला लागले.

आई मात्र बदलल्या. लग्न झालं हे त्या विसरल्या, पण कुणीतरी आपल्यावर रागावलंय एवढं त्यांच्यात रुतून राहिलं. कोण ते आठवायचं नाही. शेजारीण आली तर तिलाच म्हणायच्या, "माझं काही चुकलं असेल तर सांगा हं." गिऱ्हाइकांना म्हणायच्या. फक्त समुद्र लागला की त्यांचा जीव शांत व्हायचा, कारण तिथं सगळं ठरल्यासारखं गोड बोलणं होतं. आता त्या दिवसातून तीन-चारदा तो लावायला लावायच्या. सूनबाईलाही तो समुद्र पाठ झाला होता. कुठली लाट कुठं फुटते, ताईच्या आवाजाआधी कुठला पक्षी ओरडतो, सगळं. खरा समुद्र पाहायचा तिचा राहूनच गेला होता आणि हा नको म्हटलं तरी रोज घरात शिरत होता.

एका दुपारी दाराबाहेर टॅक्सी थांबली आणि ताई आली. न कळवता, हातात एकच बॅग घेऊन. केस पांढरे झालेले, डोळे सुजलेले. वाटभर ती काय बोलायचं ते जुळवत आली असावी, कारण उंबऱ्यातच म्हणाली, "वहिनी, मला काही बोलू नकोस. मला आधी आईच्या पाया पडू दे. तिचा राग मी—"

"हळू," सूनबाई मशीनवरून म्हणाली. "आई फोनवर आहेत."

ताईनं बघितलं. खिडकीपाशी खुर्ची. शाल, चपला, पर्स. रिळांच्या डब्याला टेकवलेला फोन. आणि फोनमध्ये ती स्वतः.

"पाय भिजवू का? भिजवते हं, तुझ्या वाटचे."

"भिजव. चपला काढून ठेव आधी, वाहून जातील," आई म्हणाल्या.

"हे काय आहे?" ताईचा आवाज बसला होता, घोगरा येत होता.

"तुमचाच व्हिडिओ, ताई. रोज लावते. लग्नाच्या दिवशीपण हाच लावला होता."

ताईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती दांडीला लटकलेल्या कुणाच्यातरी कोटाला धरून उभी राहिली. "माझी पोर दारात उभी होती," ती म्हणाली. "फोन कानाला लावून. सगळे थांबले होते. आत जाईना. म्हणाली, आजी रागावली असेल तर मी नाही जात. तू... तू माणूस आहेस का?"

"तुम्हीच म्हणालात मधे येऊ नकोस. मी नाही आले."

ताईनं तिच्याकडे पाठ केली आणि आईंसमोर गुडघ्यांवर बसली. त्यांचे हात हातांत घेतले. "आई. मी आलेय. इकडे बघ."

आईंनी हात सोडवून घेतला. "थांबा हं बाई, मुलीचा फोन चालू आहे. माप द्यायला आलात का? सूनबाई, यांना बसायला दे."

"आई, मीच आहे ग! आवाज ओळख ना!"

"गार आहे ग पाणी! औषधं घेतेस ना वेळेवर?" फोनमधला आवाज मोकळा होता, हसरा होता.

"घेते, घेते," आई फोनला म्हणाल्या आणि मग कुजबुजून ताईला, "माझी मुलगी. समुद्रावर गेलीय. रोज करते फोन, एक दिवस चुकवत नाही."

ताईनं हात लांब करून फोन बंद केला.

आईंनी पडद्याकडे हात पुढं केला. मग त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "गेली? का गेली? अजून जेवायला उशीर नाही झाला. तुम्ही हात लावलात का? मी काही बोलले का तिला? सूनबाई! सूनबाई, पुन्हा रागावली बघ ती." आणि त्या हमसून रडायला लागल्या. ताई जवळ घ्यायला गेल्यावर दोन्ही हातांनी तिला ढकलू लागल्या. पर्स खाली पडली, गोळ्या फरशीभर घरंगळल्या.

"कर काहीतरी!" ताई किंचाळली. "वहिनी, सांग ना तिला मी कोण आहे ते!"

"सांगितलं असतं. पण तुम्ही आठवड्यातून एकदा यायचात, ताई. ही रोज येते."

सूनबाई जागची उठली नाही. शेवटी ताईनंच फोन उचलला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. आईंचं रडणं हळूहळू ओसरलं. त्या शालीच्या टोकाला डोळे पुसून पुढं झुकल्या. ताई फोन धरून गुडघ्यांवर बसून राहिली आणि तिच्या हातातून तीच आईला म्हणाली, "पुढच्या सुट्टीत तुला इथं घेऊन येते बघ. नक्की. वचन."

मग नेहमीची शांतता. ताई त्या शांततेत काही बोलायला गेली, पण आई तिच्याआधी बोलल्या.

"घाई करू नकोस ग. तुला जमेल तसं."

ताईनं डोळे पुसायला एक हात काढला आणि फोन खाली घसरला. आईंनी मान वाकडी करून शोधलं. "दिसत नाही ग. कुठं गेली?"

सूनबाईनं सुईत दोरा ओवला आणि मशीनवर पाय ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "फोन जरा नीट धरा ना."